दारचिंतक

हिमालयाच्या उतारांवर घरबांधणीत देवदाराला मान असला, तरी गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या परभणी जिल्ह्यात तो सागवानालाच आहे. आणि नव्या घराला सागवानी दार बसताच त्याला बाहेरून काय लावावे या विचारात जो गृहस्थ शिरतो व त्यातून बाहेर येत नाही, त्याला सोयीसाठी दारचिंतक म्हणता येईल. हा बहुधा नुकताच सेवानिवृत्त झालेला असतो, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडला भविष्यनिर्वाह निधीतून घर बांधतो, आणि आपले लाकूड बल्लारशाचे असून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराला सागवान तिथूनच गेले, हे पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधीच सांगून टाकतो.

त्याचा अभ्यास मात्र अस्सल असतो. वॉर्निश, म्हणजे तेल व राळेचा पारदर्शक लेप, उन्हातील अतिनील किरणांना फारसा अडवत नाही, त्यामुळे लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य, आतल्या आत झिजते आणि लेप पापुद्र्यांनी सुटतो. फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, पावसाच्या माऱ्याने पांढरे पडते. सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले जवसाचे तेल लाकडात छान मुरते, पण त्याचे हात पुन्हापुन्हा द्यावे लागतात. आणि वैशाखात ४२ अंशांच्या पुढच्या उन्हात आकसून श्रावणात फुगणाऱ्या दारावर कडक लेपाला तडे जातात. प्रत्येक पर्यायाचा दोष त्याला तोंडपाठ असल्याने निर्णय घेणे त्याला अविचारीपणाचे वाटते.

म्हणून तो एका फळकुटावर सगळ्या लेपांचे पट्टे ओढून ते रोज दुपारी गच्चीवर उन्हात ठेवतो, संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून पट्ट्यांवरून अंगठा फिरवतो, आणि शेजारी, जावई, रंगाचा दुकानदार व दूधवाला यांची मते सारख्याच आदराने ऐकून घेतो. ‘मालक, काहीबी लावा, पण लावा,’ असे सुतार म्हणतो, तेव्हा या सूचनेत शास्त्रीय आधार नसल्याचे तो त्याला चहा पाजून समजावतो. उघडे दार एव्हाना राखाडी पडू लागलेले असते, आणि तो रंगही त्याने पट्ट्यांशी ताडून पाहिलेला असतो.

अखेर वास्तुशांतीला दोन दिवस उरले असता गृहिणी फाटकाचा उरलेला तपकिरी ऑइलपेंट काढून रंगाऱ्याकरवी दाराला दोन हात मारून घेते. दारचिंतक त्या रात्री जेवत नाही. परंतु वास्तुशांतीच्या पंगतीत, रंगद्रव्य हेच अतिनील किरणांना अडवणारे खरे कवच असून दीर्घ अभ्यासान्ती आपण याच निष्कर्षाला आलो, असे तो सांगतो, आणि विधान शास्त्रदृष्ट्या बिनचूक असल्यामुळे, नवे घर काढलेला एक पाहुणा जिलेबीचे हात पुसून ते टिपून घेतो.