अंड्यांचा राखणदार

ज्याने उभी हयात तोंडघशी पडून पोट भरलं, त्याच्याच ताब्यात म्हातारपणी अंडी द्यायची, हा विनोद विदूषकांनाच सुचू शकतो. लंडनमधल्या विदूषकांच्या संग्रहालयाला शोभेल असा राखणदार म्हणजे निवृत्त विदूषक. कोट इस्त्रीचा, टाय सरळ, चेहरा गंभीर. तुम्ही हसत आत शिरलात तर हा आधी तुमच्या हातातल्या छत्रीकडे बघणार.

त्याचं कारण काचेच्या कपाटात आहे. तिथे अंड्यांच्या रांगा लागलेल्या आहेत. प्रत्येक अंड्यावर एकेका विदूषकाचा रंगवलेला चेहरा, वर चिमूटभर केस, कुणाला बोटाच्या पेराएवढी टोपी. स्टॅन बुल्ट नावाच्या हौशी गृहस्थांनी १९४६ मध्ये कोंबडीच्या पोकळ अंड्यांवर हे चेहरे रंगवायला घेतले. एकाचं तोंड दुसऱ्याने उचलायचं नाही, हा या धंद्यातला अलिखित कायदा; तेव्हा अंडं हा विदूषकाचा सातबाराच झाला. जुनी बरीचशी अंडी फुटली. पुढे चिनी मातीची आली.

"फुटली कशी?" असं कुणी विचारलंच, तर राखणदार खालच्या आवाजात म्हणतो, "सांभाळायला विदूषक होते."

हसायचं नाही. तो हसलेला नसतो.

सर्कशीचा विषय काढलात तर मात्र तासभराची निश्चिंती. जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) हा यांचा मूळपुरुष. पांढरा चेहरा, गालांवर लाल त्रिकोण; त्याच्यावरूनच इंग्लंडात विदूषकाला 'जोई' म्हणायला लागले. पण तो होता रंगभूमीवरचा, पँटोमाइममधला नट. त्याला कुणी सर्कसवाला म्हटलं की राखणदाराला घराण्याला बट्टा लागल्यासारखं होतं. दर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पूर्व लंडनच्या चर्चमध्ये ग्रिमाल्डीसाठी प्रार्थना होते. देशोदेशीचे विदूषक रंगलेल्या तोंडाने आणि हातभर लांब बूट घालून बाकांवर बसतात. राखणदार सगळ्यांच्या आधी हजर. प्रार्थनेत त्याचं लक्ष देवापेक्षा पुढच्या बाकावरच्या वाकड्या नाकाकडे जास्त.

ग्रिमाल्डीच्या नावाच्या बागेतही तो पाहुण्यांना धाडतो. तिथे जमिनीत शवपेटीच्या आकाराच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांच्यावर नाचलं की सूर निघतात. मेलेल्या माणसाच्या नावावर नाचायचं कसं, म्हणून सभ्य माणसं कडेला उभी राहतात. "नाचा!" हा दम भरतो. "त्याच्यासाठीच बसवल्यात त्या."

स्वतः तो ऑगस्ट जातीचा विदूषक. म्हणजे लाल नाक, ढगळ विजार आणि गाढवपणाचा मक्ता. पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक शहाणा, तो हुकूम सोडणार; बादलीतलं पाणी मात्र ऑगस्टच्या डोक्यावर. ही वर्षानुवर्षांची सल त्याच्या मनातून गेलेली नाही. पांढऱ्या चेहऱ्यांच्या अंड्यांवरची धूळ तो झटकतो, पण सावकाश. कोकोच्या नावाने मात्र छाती फुगते. लॅटव्हियात जन्मलेला निकोलाय पोलियाकॉफ, बर्ट्राम मिल्स सर्कशीतला ऑगस्ट. मुलांना रस्ता नीट ओलांडायला शिकवला म्हणून १९६३ मध्ये सरकारी किताब मिळाला. "पांढऱ्यांपैकी कुणाला मिळाला असला किताब?" हा प्रश्न तो सगळ्यांना विचारतो, उत्तरासाठी थांबत नाही.

एखादं पोर मग धीर करून विचारतं, "आजोबा, तुमचं अंडं कुठलं?"

राखणदार कपाट उघडत नाही, बोटाने दाखवतो. वरून दुसरी ओळ, डावीकडे. नाक बरोबर, केसही बरोबर. डावी भुवई मात्र सुतभर वर गेलेली आहे. हे अंडं रंगवणाऱ्याला त्याने तेव्हाच सांगितलं होतं. पत्रंही लिहिली. रंगवणाऱ्याचं म्हणणं, अंड्याचा आकारच तसा. याचं म्हणणं, चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ही भुवई मी काढली, मला शिकवू नका. प्रकरण अजून मिटलेलं नाही.