पाचव्याचा तांदूळ

जम्मूच्या सरकारी दप्तरात काश्मिरी पंडित विस्थापित नसतो, 'मायग्रंट' असतो. थंडीत उजनीच्या पाण्यात उतरणारे रोहित पक्षीही स्थलांतरितच. फक्त त्यांना परतीचा मोसम ठाऊक असतो.

1990 मध्ये बंदुकीच्या धाकानं खोरं सुटलं. बर्फातली माणसं जम्मूतल्या मुठी, पुरखू, मिश्रीवालाच्या तंबूंत, चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात येऊन पडली. तेव्हापासून त्यांची शिरगणती चोख सुरू आहे. जम्मूच्या कार्यालयात नोंदलेली कुटुंबं 44,684, माणसं 1,54,712. भागाकार केला तर घरटी साडेतीन माणसंही भरत नाहीत. बर्फाळ गावातल्या तीन मजली घरात आजी, चुलते, चुलतभावंडं नांदत होती, ती या भागाकारात कुठं गेली?

मदत महिन्याला माणशी 3,250 रुपये. कुटुंबाला जास्तीत जास्त 13,000. म्हणजे चार डोक्यांवर हिशेब मिटला. पाचवं मूल जन्माला आलं तर अभिनंदन, पण पैसे नाहीत. शिधा मात्र उदार आहे: तांदूळ माणशी 9 किलो, पीठ माणशी 2 किलो. पाचवा माणूस रोख रकमेच्या रकान्यात नसतो, तांदळाच्या पोत्यात असतो. साखरेच्या बाबतीत तर सगळेच सारखे, कारण ती अख्ख्या कुटुंबाला मिळून एक किलो. दिवसाकाठी किती कप चहा गोड करायचा, हे घरात बसून ठरवावं.

2011 मध्ये नगरोट्याजवळ जगतीला दोन-दोन खोल्यांच्या सुमारे 4,200 सदनिका उभ्या राहिल्या. तंबू आणि एकखोलीच्या मानानं हा महालच! लग्न झालेला मुलगा, सून आणि म्हातारे आईबाप एका भिंतीआड. शिकणारी पोरं तर आधीपासूनच बाहेर पडत होती. नव्वदच्या दशकात बाळासाहेब ठाकऱ्यांनी शब्द टाकला आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांच्यासाठी जागा निघाल्या. मागं उरलेल्या खोल्यांत वय वाढत गेलं. वयाला मात्र कमाल मर्यादेचा नियम नाही.

मतदानासाठी वर्षानुवर्षं 'एम फॉर्म' भरावा लागे. जम्मू-उधमपूरमध्ये राहणाऱ्यांसाठी निवडणूक आयोगानं तो 2024 मध्ये रद्द केला. मतदान केंद्र जम्मूतलं, उमेदवार बनिहालच्या बोगद्यापलीकडच्या खोऱ्यातला.