ट्रान्सफरकर

ट्रान्सफरकर ओळखायला सोपा. नाव विचारलं तरी तो आधी बेत सांगतो. “मी डी अँझाला आहे, पण बर्कलीला जाणार आहे.” डी अँझा हे कुपर्टिनोचं कम्युनिटी कॉलेज, १९६७ सालचं. इथे दोनेक वर्षं काढायची, ९० क्वार्टर युनिटं गोळा करायची आणि विद्यापीठात एकदम तिसऱ्या वर्षाला दाखल व्हायचं, हा कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाच्या १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये पक्का केलेला राजमार्ग. शाळेतले मार्क दारात कुणी विचारत नाही. स्थानिक मुलांना फी युनिटमागे ३१ डॉलर. आपला गडी बायोलॉजीला.

त्याच्या बाबांची अडचण वेगळी. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, “चिरंजीव कुठे असतात?” तर ते “कुपर्टिनोतच, अ‍ॅपलच्या शेजारी” म्हणतात आणि घाईने मोदकाकडे वळतात. पुण्याच्या आत्याला फोनवर “बायोलॉजी करतोय” एवढंच सांगितलंय. आत्या त्याला डॉक्टर धरून चालली आहे आणि बाबा ते खोडत नाहीत. खासगीत मात्र त्यांनी दाखले जमवून ठेवलेत. मानवी जीनोमच्या शर्यतीत गाजलेला क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर सॅन मटेओच्या कम्युनिटी कॉलेजात बसला आणि तिथून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सॅन डिएगोला गेला. १९८४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारा ब्रूस मेरिफील्ड पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजातून यूसीएलएला गेला. यावर आई विचारते, “मग त्यांचे वडील शेजारी कोण आहे म्हणून सांगायचे?”

ट्रान्सफरकराचं पंचांग म्हणजे ‘असिस्ट’ नावाची वेबसाइट. इथला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या जागी चालतो, ते तिच्यात बघायचं. डेव्हिसला काय लागतं, सांताक्रूझला काय चालतं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मालिका अर्धी इथे आणि अर्धी तिथे केली तर काय विघ्न येतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. काउन्सेलरबाईंकडे तो सल्ला घ्यायला जातच नाही, त्यांची उजळणी घ्यायला जातो. यूसीच्या सहा कॅम्पसांत ट्रान्सफरवाल्यांना अटी पाळल्यास प्रवेशाची हमी मिळते, पण ती सहांपैकी एकाच ठिकाणी मागता येते, आणि बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्या यादीतच नाहीत. म्हणून त्याने डेव्हिसला हमी मागायचं ठरवलंय. डेव्हिसचं नाव तो घरच्या स्थळासारखं घेतो: चांगलं आहे, पण बघू.

त्याचं खरं कसब दिसतं ते वेटलिस्टवर. फिजिक्सचा वर्ग भरलेला असतो आणि हा यादीत तिसरा. पहिल्या दिवशी तो मागे उभा राहून चेहरे वाचतो. कोण गोंधळलंय, कोणी पुस्तक उघडून लगेच मिटलं, कोणाची नोकरी दुपारची आहे. मग जवळ जाऊन अत्यंत मायेने म्हणतो, “जड जातंय का रे? तब्येतीपेक्षा काही मोठं नसतं.” दुसऱ्या आठवड्यात तो खुर्चीवर असतो.

प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर येते रात्रपाळी करून आलेली एक नर्सिंग असिस्टंट. वय चाळिशीकडे झुकलेलं, दोन मुलं, डोळ्यांत झोप. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा दिवस. पिपेटमधलं १० मायक्रोलिटर निळं द्रावण जेलच्या खाचेत अलगद सोडायचं असतं. ट्रान्सफरकर खाचेचा तळच फोडतो आणि निळाई सगळीकडे पसरते. बाई कोपर टेबलावर टेकवतात, श्वास रोखतात आणि थेंब थेट खाचेत बसवतात. वीज सुरू होते, डीएनएचे तुकडे धन टोकाकडे निघतात, छोटे भराभर पुढे, मोठे रखडत मागून. बाई विचारतात, “असं का होत असेल?” हा विचारतो, “हे परीक्षेला आहे?”

पुढच्या महिन्यात जिवाणूंमध्ये जेलीफिशचा जीन घालायचा प्रयोग. नळी ४२ अंशांच्या पाण्यात ५० सेकंद धरायची आणि लगेच बर्फात. सेकंद मोजण्यात तो चोख, एकही चुकला नाही. दोन दिवसांनी अतिनील दिव्याखाली प्लेट धरली तर वसाहती हिरव्यागार चमकल्या. बाई प्लेट खाली ठेवायला तयार नाहीत. याने फोटो काढला, रिपोर्ट टाकला, गुण बघितले आणि विषय मिटला.

मिटला नाही तो नोव्हेंबरमुळे. यूसीचे अर्ज ३० तारखेला बंद होतात आणि त्यात ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा असतो: निवडलेल्या विषयासाठी तुम्ही स्वतःला कसं तयार केलंत? शब्दमर्यादा ३५०. ट्रान्सफरकर २८ तारखेला रात्री बसतो. युनिटं किती ते लिहितो, जीपीए लिहितो, दोन्ही पुसतो, कारण ते आकडे अर्जात आधीच आहेत. जीवशास्त्र का, याचं उत्तर असिस्टवर नसतं. शेवटी फोनमधला हिरवा फोटो सापडतो. तो बाईंना मेसेज करतो: “त्या दिवशी आपण नक्की काय केलं होतं?” बाई रात्रपाळीच्या सुट्टीत उत्तर देतात, चांगलं लांबलचक. हा वाचतो, एक शंका विचारतो, मग दुसरी. उष्णतेचा धक्का दिला की डीएनए आत कसा शिरतो? आणि शिरला तरी सगळ्या जिवाणूंत का नाही? पहाटे तीनला तो पुस्तक उघडतो, आणि त्या पानावरचं काहीही परीक्षेला नसतं.

अर्ज वेळेत जातो. पुढे प्रवेशही मिळतो, बहुधा डेव्हिसला. तिथे युनिटं मोजली जातात, पण जीपीए शून्यापासून सुरू होतो, म्हणजे दोन वर्षं जपलेला आकडा दारातच ठेवावा लागतो. आत जातं ते फक्त डोक्यात असलेलं.

तेव्हा तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत त्याला काही विचारू नका. त्यानंतर मात्र खुशाल विचारा, आणि कुठे जाणार ते न विचारता जीवशास्त्राबद्दल विचारा. तोवर त्याला ते थोडंफार येऊ लागलेलं असतं.