फळीवरची सरहद्द

मुक्काम आम्स्टेलवेन,
दि. २९ एप्रिल

तीर्थरूप बाबांचे सेवेसी, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सासूबाई आपल्या सोवळ्यासह येथे सुखरूप पोहोचल्या, हे आपणांस फोनवरून कळलेच आहे. परंतु परवा २७ तारखेस, म्हणजे या देशाचे राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या वाढदिवशी, आमच्या घरी जो दरबार भरला त्याचा वृत्तान्त सासूबाईंच्या देखत फोनवर सांगण्याजोगा नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या दिवशी अवघे नेदरलँड्स नारिंगी वस्त्रे परिधान करते, कारण राजघराणे ओरान्ये-नासाउ. दक्षिण फ्रान्समधील ओरान्ये नावाची जहागीर १५४४ साली या घराण्याच्या विल्यमकडे वारशाने आली आणि १७१३ च्या तहात फ्रान्सच्या पदरी पडली. तथापि इनाम खालसा झाले तरी आडनाव इनामदारच राहावे, तसा हा रंग राहून गेला आहे.

या निमित्ताने सौ.ने शेजाऱ्यांस सायंकाळच्या पेयपानास बोलाविले. अशा प्रसंगी येथे लाकडी फळीवर चीज, सॉसेज, ऑलिव्ह वगैरे मांडून ती पुढे करण्याचा रिवाज असून तिला बोरलप्लांक म्हणतात. सौ.चे फर्मान निघाले, की फळीवर नारिंगीखेरीज एकही जिन्नस दाखल होता कामा नये. काकडी तत्काळ हद्दपार झाली, द्राक्षे व ऑलिव्ह नामंजूर झाली, आणि मोहरीची चटणी पिवळी की नारिंगी या मुद्द्यावर प्रदीर्घ सुनावणी होऊन तीही बाद ठरली. जर्दाळू, गाजरे, धुरावलेला सामन मासा आणि मिरचीपुडीने तांबूस झालेले स्पॅनिश चोरिझो एवढेच मंजुरीस पात्र ठरले.

खरी अडचण चीजची. वर्षाहून अधिक मुरलेले खाउदा मी मोठ्या हौसेने आणले होते. त्यात दाताखाली कुरकुरणारे जे कण लागतात ते मिठाचे नसून टायरोसिन नामक अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, हेही मी निवेदन केले. परंतु त्याचा वर्ण मधासारखा आहे, नारिंगी नव्हे, असा निवाडा झाला. अखेरीस चीजवाल्याने मिमोलेत दिले. हे फ्रान्समधील लील प्रांतीचे, डच एदामच्या धाटणीचे, गोलाकार आणि भर नारिंगी. ‘विरजण कशाचे?’ हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. वासराच्या जठरातील रेनेट यात नाही, अशी दुकानदाराने खातरी दिली होती. दुसरा प्रश्न रंगाचा. तो अॅनाटोचा, म्हणजे कोकणात परसात दिसणाऱ्या आपल्या शेंदरीच्या बियांचा, हे ऐकताच त्यांची मुद्रा प्रसन्न झाली व वस्तू शुद्ध वनस्पतिजन्य असल्याचा दाखला तेथल्या तेथे मिळाला.

त्यानंतर फळीवर गाजरांची सरहद्द आखण्यात आली : अलीकडे चीज व जर्दाळू, पलीकडे मासा व मांस. ओलांडणाऱ्यास शासन काय, हे ठरावयाचे राहिले. पाहुणे मिनिटाचाही फरक न करता हजर झाले आणि शेजारच्या गृहस्थांनी पहिल्याच घासात सरहद्दीवरची दोन गाजरे खाऊन टाकून चोरिझोची सुरी मिमोलेतकडे वळविली. सासूबाईंनी ती मधल्यामध्ये हस्तगत केली, नवी सुरी मागविली, फळीशेजारी खुर्ची ओढली आणि पुढे सर्व कारभार स्वतःच्या अखत्यारीत घेऊन प्रत्येकास आग्रहाने वाढले. ज्या देशात जो तो आपले आपण घेतो तेथे ‘आणखी एक, एवढ्याने काय होते’ या मराठी वाक्यास नकार कसा द्यावा हे कोणासच उमगेना, व सर्वजण दोनदोनदा खाऊन गेले. सासूबाईंनी स्वतःही पुष्कळ आस्वाद घेतला.

पाहुणे गेल्यावर मी सहज चौकशी केली, तेव्हा कळले की मिमोलेतच्या सालीवर जे चंद्रासारखे खड्डे असतात ते सूक्ष्म किड्यांनी कोरलेले असतात. हे किडे मुद्दाम कामास लावले जातात, आणि त्यांच्यापायीच २०१३ साली अमेरिकेने हा माल बंदरात अडवून धरला होता. ही बातमी मी अद्याप दप्तरातच ठेविली आहे.

सासूबाई अर्धा गोळा, सुमारे दीड किलो, आईकरिता घेऊन येणार आहेत. तरी कृपा करून हे पत्र आईच्या हाती पडू देऊ नये, कारण त्या दोघींचे रविवारी बोलणे असते. आणि गोळा पोहोचताच, कोणी भिंग घेऊन बसण्यापूर्वी, साल आपण स्वहस्ते काढून टाकावी.

कळावे, लोभ असावा, हे विज्ञापना.

आपला आज्ञाधारक