पाणी अजून बसलेलं नाही

हैदराबादेतल्या अंबरपेठेच्या गळवाल्याला मासे धरता येत नाहीत, असं त्याच्या घरची माणसं म्हणतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. सुताराला शिवण घालता येत नाही म्हणून कोणी त्याला नावं ठेवत नाही. मासे धरणं हा या गृहस्थाचा उद्योगच नाही. तो धरतो ती कारणं. मासा का लागला नाही याची ताजी, वजनदार आणि दर खेपेला नव्या जातीची कारणं. त्यासाठी त्याला डोक्यावर पाऊस लागतो आणि बाजूला चार सोबती लागतात. यातलं एक जरी नसलं तरी तो घरातून हलत नाही. माणूस ओळखायला सोपा आहे. पन्नाशी ओलांडलेली. आजोबा उदगीर किंवा बीदरकडून निजामाच्या नोकरीला आलेले. घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि भांडणापुरती दख्खनी. उभी हयात बँकेत नाहीतर विम्याच्या कचेरीत गेलेली, आणि तिथलं निम्मं काम म्हणजे अमुक प्रकरण का रखडलं याची टिपणी लिहून वर पाठवणं. म्हणजे या छंदाची तालीम सरकारी खर्चानं आधीच झालेली असते.

पुरावे द्यायचे तर पहिला नदीचा. अंबरपेठेला स्वतःची नदी आहे. मुसारामबागच्या पुलाकडे चालत गेलं की मुसी लागते. अनंतगिरीच्या डोंगरातून येणारी ही नदी 28 सप्टेंबर 1908 रोजी अशी चढली की हजारो माणसं गेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं, आणि पुढे 1920 साली उस्मानसागर व 1927 साली हिमायतसागर बांधून झाला. आता त्याच पात्रातून शहराचं सांडपाणी वाहतं. दिवसाला 339 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र अंबरपेठेतच असल्यामुळे वारा कुठून येतोय हे इथे डोळे मिटूनही सांगता येतं. तेव्हा गळवाला मुसीत गळ टाकत नाही याबद्दल त्याला बोल लावता येणार नाही. पण जोरदार पावसानं हिमायतसागरचे दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या अंगाला लोक जाळी घेऊन उतरतात आणि पिशव्या भरून मासे नेतात. तिथेही हा फिरकत नाही. तिथे मासे मिळतात, हीच तिथली अडचण. शेजारून एखादा पोरगा दोन किलोचा कटला खांद्यावर टाकून चाललेला असताना ‘आज हवा बरोबर नाही’ हे वाक्य तोंडातून निघेल कसं? मृगाचंही तसंच. मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या औषधासाठी माणसं जिवंत मरळ गिळायला रांगा लावतात, रामनगरच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या शहराच्या ताटात मासा असतो. त्या दिवशी गळवाल्याची काठी कपाटामागेच उभी असते.

त्याची नदी मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या रांगेत उगम पावून लातूर, बीदर करत ती तेलंगणात येते, सिंगूरच्या धरणात थबकते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. आजोबांच्या मुलखातलं पाणी म्हणून त्याला तिचा जिव्हाळा आहे, हे खरं मानू. पण कारणांच्या दृष्टीनं पाहिलं तर एवढी सुपीक नदी दख्खनेत दुसरी नाही. वरच्या धरणांनी पाणी अडवलं तर ‘वरूनच पाणी नाही’, सोडलं तर ‘वरून पाणी सोडलंय’. 2016 च्या एप्रिलमध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या एका उन्हाळ्याच्या भांडवलावर कित्येक गळवाल्यांनी पुढचे कित्येक पावसाळे काढले. शिवाय संगारेड्डीजवळच्या बंधाऱ्याला लागून अभयारण्य आहे, त्यात मगरी आहेत, आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. यापरतं भाग्य ते काय? सगळा चांगला मासा तिकडे मगरींच्या राज्यात जाऊन बसलेला आहे, आणि आपण पडलो कायदा पाळणारी माणसं.

जायचा दिवस रविवार, भेटायची जागा सहा नंबरचा थांबा, वेळ पहाटे पाच. गाडी निघते साडेसहाला, इराण्याचा चहा पोटात गेल्यावर. पाच जणांत एक ‘सर’ असतात. त्यांनी मोबाईलवर नॉर्वेपासून न्यूझीलंडपर्यंतची मासेमारी पाहिलेली असते. एकाचं काम दोरा गुंतवायचं, दुसऱ्याचं तो सोडवायचं. एक जण स्टोव्ह आणि पोह्यांचं सामान सांभाळतो, गळाला हातही लावत नाही, आणि संध्याकाळी त्याचीही मोजणी मासेमारांतच होते. पाचवा नेमका कशाला येतो ते कोणी विचारत नाही, कारण गाडी त्याची असते. नदीवर पोचल्यावर आमिषाचा डबा उघडतो. कणीक, शेंगदाण्याची पेंड, लसूण आणि हिंगाची चिमूट असा तो गोळा. त्यातून वाटाण्याएवढी गोळी तोडायची आणि गळाचं टोक झाकेल अशी बोटांनी थापायची. एवढ्यात पाऊस येतो आणि डब्यातल्या डब्यात गोळ्याचं पिठलं होतं. ते अंगठ्याला चिकटतं, रिळाच्या मुठीला चिकटतं, चष्म्याच्या काडीला चिकटतं. गळाला मात्र चिकटत नाही. मग कोणीतरी उस्मानिया बिस्किटं चुरून त्यात घालतो. माशाला खारट-गोड चव मानवते का, यावर अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात पाण्यात एकही गळ नसतो, पण कोणालाही वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही.

जाणकार इथे हरकत घेतील. पावसात मासे लागत नाहीत हे म्हणणंच चुकीचं, ते म्हणतील. पहिल्या पावसाला मासा नव्या पाण्यावर चढतो, कोकणात वलगणीचे मासे धरायला अख्खं गाव रात्री बत्त्या घेऊन ओढ्यावर आणि शेतात उतरतं. हरकत बिनतोड आहे, पण ती गळवाल्याला लागू होत नाही. चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो. तो जाळ्यात सापडतो, बांबूच्या सापळ्यात सापडतो, उथळ पाण्यात हातालाही लागतो. गळाचा सगळा कारभार भुकेवर चालतो, आणि विणीच्या घाईत असलेल्या माशाला भूक तितकीशी सुचत नाही. त्यात पूर आलेला असला की पाणी गढूळ. डोळ्यांनी भक्ष्य हेरणाऱ्या माशाला समोरची गोळी दिसत नाही. मिशांनी चाचपत जाणाऱ्या मांगुरासारख्याचं तेवढं निभतं. म्हणजे काठी आणि रीळ घेतलेल्या माणसानं मोठ्या पावसात नदीवर न जाण्याला शास्त्राचा पूर्ण आधार आहे. हे गळवाल्याला ठाऊक नाही असं समजू नका. संध्याकाळी हेच शास्त्र तो शब्दन्‌शब्द ऐकवतो. ते त्याला सकाळी का आठवत नाही, एवढाच प्रश्न उरतो. पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारीसुद्धा बंद असते, पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, हेही तो सांगतो; त्यामुळे रिकाम्या पिशवीला निसर्गरक्षणाचं तेज चढतं.

कारणांमध्येही प्रतवारी असते. ‘पाणी अजून बसलेलं नाही’ हे रोजच्या वापरातलं; ते कोणीही देऊ शकतो. वरच्या दर्जाचं कारण हवेच्या दाबाचं, आणि ते देण्याचा मान सरांचा. पाऊस भरून आला की दाब उतरतो, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर परिणाम होतो, आणि तो तळाशी रुसून बसतो, असं सर सांगतात. हिशेब केला तर गंमत कळते. मोठ्या पावसाआधी हवेचा दाब फार तर दहा मिलिबारांनी उतरेल. पाण्यात तेवढा दाब कमी व्हायला मासा जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत, वर सरकला की पुरे. दिवसभर खाली-वर फिरणाऱ्या माशाला अर्ध्या वितीचं काय कौतुक? पण हा हिशेब नदीकाठी मांडणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलावणार नाही. विजेचा विषय निघाला तर मात्र हिशेब मांडावाच. कार्बन फायबरची काठी वीज उत्तम वाहून नेते, आणि उघड्या काठावर ती उभी धरून राहणं म्हणजे स्वतःला आकाशाच्या नजरेस आणून देणं. गडगडाट सुरू झाला की काठ्या खाली ठेवून गाडीत बसणं हे या छंदातलं एकमेव कारण असं आहे की ते शंभर टक्के खरं असतं. गळवाल्याला ते विशेष आवडत नाही, कारण त्यात भर घालायला जागा नसते.

आता दुसरी हरकत. कारणंच द्यायची तर घरात बसून द्यावीत, त्यासाठी शंभरावर किलोमीटर जाऊन भिजायचं कशाला? असं विचारणाऱ्यानं कधी समितीवर काम केलेलं नसावं. एकट्यानं दिलेलं कारण ही सबब होते, आणि सबब म्हटली की घरी वहिनी आहेतच. तेच कारण एकानं सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं आणि तिघांनी मान डोलावली की तो निष्कर्ष होतो. म्हणून गट हवा. आणि पाऊस हवा तो यासाठी की कोरड्या दिवसाची कारणं माणसावर येतात. गाठ कच्ची बांधली, गळ मोठा लावला, झटका उशिरा दिला. त्यात कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं आणि मैत्रीला तडा जातो. पावसात सगळा दोष आभाळाचा, आणि आभाळ काही गटात नाही. एकटे, गप्प बसून, कोरड्या पहाटे मासे धरणारे लोक हैदराबादेत आहेतच. ते मासे धरतातही. पण तो निराळा प्रकार झाला. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं.

हे सगळं ऑनलाइन रिळं मागवणाऱ्यांचं नवं खूळ आहे, असंही काही जण म्हणतात. हैदराबादेत बसून असं म्हणू नये. बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी, आणि तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला काय खायला घालावं, काठी आणि दोरी कशी असावी, हा सगळा विचार त्यात आहे. म्हणजे मांजरेच्या मुलखात गळ हा राजाचा खेळ मानला गेल्याला नऊशे वर्षं होत आली. फरक इतकाच की राजाला कारण द्यावं लागत नसतं. कारणाची गरज पगारदार माणसाला पडते. अंबरपेठेच्या गळवाल्यानं त्या जुन्या विनोदात जी भर घातली ती हीच, आणि ती थोडी नाही.

सगळ्यात दुष्ट आरोप असा की गळवाला परत येताना रामनगरला थांबून मासा विकत घेतो. याचा मी साफ इन्कार करीन. विकत आणलेला कटला घरी दाखवला की चर्चा वजनावर येते, मग मसाल्यावर, आणि पाच मिनिटांत संपते; पाच तास भिजून जमवलेली कारणं ऐकणार कोण? रिकाम्या हातानं येणं हे त्याच्या धंद्याचं सचोटीचं लक्षण आहे. शिवाय पुष्कळांच्या घरात मासा चालतच नाही, आणि चालतो त्यांच्याकडे श्रावणात चालत नाही. म्हणून आषाढातला मासा ‘हातातून निसटला’ असतो आणि श्रावणातला ‘सोडून दिलेला’ असतो. गणपती उठेपर्यंत हा भूतदयेचा मोसम चालतो. सिंगूरच्या पाण्यावर ज्याचं पोट आहे त्या कोळ्याला मात्र हे काही जमत नाही. पहाटे जाळं ओढून तो परतलेला असतो. किती मिळाले म्हणून विचारलं तर तो आकडा सांगतो, आणि मिळाले नसले तर ‘नाही मिळाले’ म्हणून सायकलवर टांग टाकतो. सर त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून म्हणतात की या लोकांना अभ्यास नाही.

या सिद्धान्ताची खरी परीक्षा क्वचित होते, कुणाला तरी सचमुच मासा लागतो तेव्हा. समजा, दीड किलोची मरळ आली. तेलंगणानं राज्यमासा म्हणून मिरवलेली, पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहणारी. पहिली दोन मिनिटं आरडाओरडा, फोटो. मग एक अवघडलेली शांतता पसरते. मासा चिखलात तोंड उघडझाप करत असतो आणि सरांच्या दाबाचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. परतीच्या गाडीत कोणी फारसं बोलत नाही, बोलणार कशावर? पुढच्या रविवारी स्टोव्ह आणि पोह्यांचं सामान त्या भाग्यवंताच्या हाती येतं. कोणी काही ठरवलेलं नसतं, आपोआप येतं. तोही शहाणा असतो. कांदा चिरता चिरता तो स्वतःहून सांगू लागतो की त्या दिवशी ती मरळ आजारीच असावी, नाहीतर बिस्किटाच्या गोळीला कोण भुलतंय. आणि गळ तर माझा नव्हताच, सरांनी बांधून दिलेला. सर ‘हौ, ते एक झालंच’ म्हणतात, आणि दोघांत तिसरा आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवतो.