सर्वांना समान ऊन

लंडनला ऊन मिळत नाही, ही तक्रार जुनी. वास्तुकार राफाएल विन्योली यांनी ती एका इमारतीत मिटवली. फेनचर्च स्ट्रीटवरची ही काचेची इमारत खाली निमुळती, वर रुंद आणि मधे पोट आत घेतलेली. २०१३च्या उन्हाळ्यात तिने आकाशातलं ऊन गोळा केलं आणि समोरच्या रस्त्यावर ओतलं. तिथे उभ्या जॅग्वारचा आरसा वितळला. एका पत्रकाराने फुटपाथवर तवा ठेवून अंडं तळलं. गॅस नाही, सिलिंडरचा नंबर नाही!

खरं तर दर चौकात अशी एक इमारत हवी. नो पार्किंगच्या पाट्यांचा खर्च वाचेल आणि तिथल्या मराठी मंडळींच्या कुरडया गच्चीवाचून वाळतील. पण कद्रू लोकांनी काचांवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या ठोकल्या. २०१५ मध्ये सर्वांत कुरूप नव्या इमारतीचा ‘कार्बंकल कप’ही तिच्या गळ्यात घातला.

अनुभवाची मात्र कमतरता नव्हती. विन्योलींच्याच लास व्हेगासमधल्या हॉटेलने २०१० मध्येच पोहण्याच्या तलावाकाठच्या पाहुण्यांना भाजून काढलं होतं. अनुभव म्हणतात, तो असा.