अठराव्या दिवसानंतरचे तात्या

दुसऱ्याचं अडलेलं काम तात्यांना बघवत नाही. देवळात कुणाचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, की तात्या तो त्याच्या हातातून काढून घेतात. गल्लीत कुणी गाडी मागे घ्यायला लागलं, की ताटावरून उठून "येऊ द्या, येऊ द्या" करत हजर. बोलणारा एखाद्या शब्दाशी अडखळला तर तो शब्द तात्या पुरवतात. बहुतेक वेळा भलताच. आणि या माणसाची उभी नोकरी गेली बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून! खिडकीशी येईल त्याला "येईल, बसा" एवढंच सांगायचं काम.

निवृत्त झाल्यावर त्यांनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून अंडी उबवायचं मशिन तयार केलं. घरातला इन्व्हर्टर फ्रिजला नाही, या खोक्याला जोडलेला आहे. पहिले १८ दिवस तात्या आदर्श असतात. तापमान ३७.५ अंश. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून तीनदा नाहीतर पाचदा उलटापालट. आकडा विषमच हवा, म्हणजे रोज रात्री तेच अंग खाली राहत नाही. आठवडाभरानं दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरायचं आणि आतलं लाल शिरांचं जाळं दूधवाल्यापासून सगळ्यांना दाखवायचं. हाताला काम असेपर्यंत या माणसासारखा माणूस नाही.

घोटाळा अठराव्या दिवशी होतो. तिथून पुढं अंडी फिरवायची नाहीत, आतला दमटपणा ६५-७० टक्क्यांवर न्यायचा आणि झाकणाला हात लावायचा नाही. थोडक्यात, काहीही करायचं नाही. तात्यांना नेमकं हेच येत नाही.

विसाव्या दिवसाच्या सुमारास आतून चिवचिव ऐकू येते. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लानं पापुद्रा फाडून तिच्यात चोच घातलेली असते, पहिला श्वास घेतलेला असतो. तात्या खोक्याला कान लावून "येऊ दे, येऊ दे" सुरू करतात. मग चोचीवरच्या इवल्या दातानं टरफलाला बारीक तडा जातो, आणि पिल्लू गप्प. १२ तास, कधी २४ तास. बघणाऱ्याला वाटतं, अडकलं. आत मात्र पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त अंगात ओढून घेणं आणि उरलेला बलक पोटात घेणं चालू असतं. त्या बलकाच्या शिदोरीवर पिल्लू पुढचे दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून काढू शकतं. म्हणून तर हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबलांब पाठवतात. तात्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. मला त्यांनीच समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता झाकण उघडलं.

झाकण उघडलं की आतली वाफ निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि मग ते खरोखरच अडकतं. म्हणजे मदतीची गरज आधी आपणच तयार करायची आणि मग धावून जायचं. तात्या राजकारणात पडले असते तर पार वर गेले असते.

यंदा काकूंनी झाकणावर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणून ठेवला. पारोशानं शिवायचं नाही. तात्यांनी त्या दिवशी तीनदा आंघोळ केली. विषम आकडा तिथंही सुटला नाही. पण काकू समोरच भाजी निवडत बसल्या होत्या.

बाकीची पिल्लं सुकून फुलली तरी एक अंडं मागे राहिलं. तडा होता तो निमुळत्या टोकाला, म्हणजे आत डोकं उलट्या बाजूला. २४ तास उलटून गेले तेव्हा काकूंनी स्वतःच बाळकृष्ण उचलला. "बघा आता."

सुनेचा भुवयांचा चिमटा, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस. तात्यांनी तड्याशेजारचं नखाएवढं टरफल उचललं, पापुद्र्यावर ओला कापूस टेकवला. ओला पापुद्रा पारदर्शक होतो. त्यात केसाएवढी लाल रेघ दिसली. आणि तात्या थांबले! अंडं परत आत, झाकण बंद. काही तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा रेघ नव्हती. तेव्हा त्यांनी डोकं मोकळं केलं आणि बाकीचं टरफल तसंच राहू दिलं. शेवटचा रेटा पिल्लानं द्यायचा. तो देईपर्यंत तात्यांनी आपलाच डावा हात उजव्या हातानं पाठीमागे गच्च धरून ठेवला होता.

पिल्लू आलं, पण पाय फाकलेले. चिकटपट्टीची बारीक फीत करून दोन्ही पायांना बेडीसारखी बांधली. थोड्याच दिवसांत ते घरभर पळत सुटलं.

आता सुनेला आठवा महिना लागलाय. दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, असं काकूंनी बजावलंय. तात्यांनी निमूट मान डोलावली. परवा मला मात्र जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "तू त्या बाजूला जातोसच. तिथं इन्व्हर्टर आहे का, तेवढं बघून ये."